मरून धाग्याचे तीन टाके

घोडेगावात माझं फॉल-पिकोचं आणि मॅचिंगचं दुकान आहे. साडीला ब्लाउजपीस जुळवता जुळवता नजर अशी झाली, की फुलपाखरंही मी तशीच बघते. पुस्तक एकच, तेही मागून आणलेलं. बाकी सगळं मोबाइलवर. माणसांना जात विचारायला मला आवडत नाही, ती हौस मी फुलपाखरांवर भागवते.

त्यातलं एक तपकिरी, तिन्हीसांजेला उडणारं, मला पुरून उरलं. पावसाळ्यात पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके, उन्हाळ्यात हुबेहूब वाळलेलं पान. जात एकच, पण उन्हाळी रूपात कुठल्याही दोघांचे पंख जुळतील तर शपथ. "नूरबी, यात मॅचिंग शोधू नका," मंचरचे चांगदेव सर, फुलपाखरांतले जाणकार, मोबाइलवर माझे फोटो बघून लिहायचे.

वैशाखात मी ती फुलपाखरं बघायला शिनोलीला लंकाबाईकडे जाऊ लागले. तिच्या परसात राबासाठी साठवलेल्या सागाच्या पानांचा ढीग होता. भाताची रोपं टाकायच्या जागी पसरून भाजायचा पाला. यंदा तिनं तो भाजलाच नव्हता. कुणी विचारलंही नाही. तिची लेक स्नेहल माघापासून बेपत्ता. माझ्या दुकानातून निघाली ती घरी पोचलीच नाही, असं लंकाबाईनं पोलिसांना सांगितलं होतं. म्हणजे पोरीला शेवटचं पाहिलं ते मी. लंकाबाई माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण, रोज एकच विचारायची, "काय कळलं का गं?" मला तिला काहीतरी नेऊन द्यायचं होतं. नुसता माग, एवढासा का असेना.

त्या दिवशी हळदीकुंकवाहून परतताना स्नेहलच्या चॉकलेटी ब्लाउजची पाठ उसवली होती. लाइट गेलेली, पडद्याआड अंधार, माझ्या हाती रीळ भलतंच आलं. मरून धाग्याचे तीन टाके, मधला तिरका. मी ते उसवायला गेले तर पोरगी हसली.

"राहू द्या चाची, पदराखाली कोण बघतंय?"

अंगात घातला आणि गेली.

ढिगावरच्या पहिल्या फुलपाखराच्या पंखावर तीन मरून रेघा होत्या. मधली तिरकी. फोटो पाठवला. सरांनी लिहिलं, "छान. असं रूप पाहिलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तसंच आणखी एक. मग चार.

सर चिडले. "एकच फोटो किती वेळा पाठवाल?"

मी सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवले. फोटो वेगळे होते, पंख जुळत होते. स्नेहलच्या ब्लाउजवर शेवटच्या टाक्याचा धागा मी दातानं तोडला होता. तिथं प्रत्येक पंखावर, धाग्याचं टोक फुटावं तशी बारीक फाट होती.

लंकाबाईला मी काही बोलले नाही. टाक्यांचं तर कुणालाच नाही. आपल्या चुकीची जाहिरात कोण करतं?

काल तिन्हीसांजेला ती चुलीपुढून उठून आपणच परसात आली. "रोज येवढं काय बगतीस? दाव की मला बी."

मी बोट दाखवलं. फुलपाखरू पंख मिटून पानावर बसलं होतं. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"चॉकलेटीला मरून!" सवयीनं करवादली. "तुला येवढं बी मॅचिंग जमंना व्हय गं, नूरबी? त्या सांजंला तिला बी मी ह्येच म्हणले."

मी तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते तिला कळलं नव्हतं.

मग कळलं.

"कोणत्या सांजेला, लंकाबाई?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. दोघींपैकी कुणी हललं नाही.

वारा नव्हता.

ढिगातलं एक पान उघडलं आणि मिटलं. मग शेजारचं. मग ढीगभर पानं, पार तळापर्यंत, मिटत गेली.

प्रत्येकावर तीन टाके. मधला तिरका.