मकबाबाचं कणीस

"बाई, इथं एक कवी पुरलेले आहेत म्हणे. कुठं, ते सांगाल का?"

लोणावळ्याच्या फलाटावर, ऐन पावसात, एका अनोळखी तरुणानं हा प्रश्न विचारला तेव्हा सुनेत्राला हसू आवरेना. ती इथल्या मुलींच्या शाळेत शिकवायची. पोस्ट विचारा, दवाखाना विचारा, तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. पण पुरलेले कवी? तो म्हणाला, मी गंगाधर आगाशे, पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. मॅट्रिकच्या पुस्तकात ज्यांची कविता आहे ते मॅकनॅब, स्कॉटलंडचे थोर कवी, हवापालटासाठी इकडे आले आणि इकडेच वारले. बोलता बोलता त्याच्या चष्म्यावर पाणी साचत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. सुनेत्राला तो तिथंच आवडला, आणि पुढचा सगळा वैतागही तिथूनच सुरू झाला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. छत्री नव्हती, गाडीत विसरली म्हणाला.

"थडगं सापडलं का?" तिनं विचारलं. "नसेल तर मी येते शोधायला."

तो म्हणाला, "नाही... नाही सापडलं."

लोकांनी बोटं दाखवू नयेत म्हणून तिनं शाळेच्या शिपाईण नंदाबाईंना सोबत घेतलं. मग दर रविवारी तिघांची वणवण. वळवण झालं, भांगरवाडी झाली, ख्रिस्ती दफनभूमीतला एकेक दगड वाचून झाला. सुनेत्राच्या एका छत्रीत दोघं, आणि हा बोलायचा काय, तर मॅकनॅबांची यमकं, मॅकनॅबांचा दमा, मॅकनॅबांचं मोडलेलं लग्न. एकदा तिचा पाय घसरला तेव्हा त्यानं तिचा हात धरला, चांगला घट्ट, आणि सोडायचं विसरला. आता काहीतरी बोलेल म्हणून ती श्वास रोखून थांबली. तो म्हणाला, "मॅकनॅबही असेच घसरले असतील." याला दरीत ढकलून द्यावं असं तिला वाटलं. हात मात्र तिनंही सोडवून घेतला नाही.

आजचा रविवार शेवटचा. नागपूरच्या कॉलेजात नेमणूक झाल्यामुळं उद्या सकाळी तो निघणार होता. इकडे वडगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माधवदादानं तिच्यासाठी दोन स्थळं हेरून ठेवली होती. आज हा माणूस बोलला नाही, तर कायमचं राहून जाणार होतं.

"काहीतरी बोला ना," डोंगराकडे चालताना ती म्हणाली.

"मॅकनॅबांच्या शेवटच्या पत्रात—"

"मॅकनॅब गेले. सत्तर वर्षं झाली त्यांना जाऊन. जिवंत माणसांबद्दल काही सुचतं का तुम्हाला?"

"जिवंत माणसं..." त्यानं चष्मा काढून पुसला. "उलट बोलतात."

मागून नंदाबाई म्हणाल्या, "बाई, ह्ये मॅक मॅक काय लावलंय सायबांनी? मकबाबा तर न्हवं?"

"मकबाबा कोण?"

"सायबाचं थडगं हाय की आमच्या कुरवंड्याला. माझं म्हायेरच त्ये. मक्याचं कणीस वाहत्यात त्याला, म्हून मकबाबा."

"नंदाबाई, इतके रविवार आपण काय शोधतोय?"

"तुमी कवी शोधताय. मकबाबा कवी व्हता ह्ये मला कुटं ठावं?"

सुनेत्रानं कपाळाला हात लावला. आणि ज्यानं आनंदानं उडी मारायची, तो चुळबुळत म्हणाला, "ते नसावेत... पाऊसही वाढतोय. परत फिरू या का?"

"मुळीच नाही," ती म्हणाली आणि तरातरा पुढं निघाली.

कुरवंड्याच्या कडेला, जांभळीच्या झाडाखाली तो दगड होता. शेवाळानं सगळी अक्षरं गिळली होती, इंग्रजीतलं 'मॅक' तेवढं उरलं होतं. पुढ्यात चारसहा कणसं वाहिलेली. आणि दगडाला टेकून एक काळी छत्री उभी होती. तिच्या मुठीवर 'गं. आ.' अशी अक्षरं कोरलेली होती आणि कुणीतरी तिलाही हळदकुंकू लावलं होतं.

"देवाची म्हून कुनी हात लावला नसंल," नंदाबाई म्हणाल्या आणि परसातून कणीस आणायला भावाच्या घरी गेल्या.

"गाडीत विसरली होती ना?" सुनेत्रानं विचारलं.

"थडगं पहिल्याच दिवशी सापडलं होतं," तो पायांकडे बघत म्हणाला. "आनंदात छत्री इथंच राहिली. तेच सांगायला आलो होतो. तर तुम्ही म्हणालात, नसेल सापडलं तर शोधायला येते. मग... सापडलं असं कसं म्हणणार?"

"माझ्या चपला झिजल्या."

"हो."

"लोकांना विचारून विचारून घसा बसला माझा."

"हो. मी ऐकत होतो."

तेवढ्यात नंदाबाई आल्या. दोघांच्या मध्ये कणीस धरून त्या म्हणाल्या, "ज्यांना तोंडानं बोलायला जमत न्हाई, त्यांनी हितं यायचं. दोघांनी दोन टोकं धरून कणीस मोडलं की लगीन ठरलं. आमच्या गावात लय जनांची अशीच ठरल्यात."

गंगाधरनं झटकन एक टोक धरलं आणि आशेनं तिच्याकडे पाहिलं.

"नाही," सुनेत्रा म्हणाली. "आधी तोंडानं."

तो केविलवाण्या नजरेनं दगडाकडे बघू लागला.

"तिकडं काय बघताय? ते काही सांगायचे नाहीत."

"सुनेत्रा..." रोजचं 'बाई' आज गळून पडलं. "तुम्ही रागावलात की मला घरी आल्यासारखं वाटतं. मला... तुमच्याशी लग्न करायचं आहे. फलाटावरच बोलायचं होतं. पण पहिल्या भेटीत एवढं कसं बोलायचं, म्हणून मॅकनॅबांवर बोलत राहिलो."

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. इतकं साधं बोलायला या माणसानं महिना लावला होता. तिनं दुसरं टोक धरलं आणि हिसका दिला.

"मोठा तुकडा बाईंच्या हाती," नंदाबाई म्हणाल्या. "घरात ह्यांचंच चालनार."

"ते दिसतंच आहे," गंगाधर म्हणाला. असा मोकळा हसताना तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"संध्याकाळच्या गाडीनं आधी वडगावला उतरा," ती म्हणाली. "दादाला भेटा. आणि त्याच्यापुढं मॅकनॅब काढू नका."

त्यानं मान डोलावली आणि छत्रीकडे हात नेला. पण सुनेत्रानं ती आधीच उचलून काखेत मारली होती.

"ही माझ्याकडे राहील."

"नागपूरलाही पाऊस आहे हो."

"मग भिजा," ती म्हणाली. "आणि दिवाळीत या, मला आणि हिला, दोघींना न्यायला."