चेंडू वर गेला की…

पटायचं त्याला पटेल. मी शपथा घालत बसणार नाही. पण यात पदरचं काही घातलेलं नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवते.

ही माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही रविवारी दुपारी सुरू झाली, भर उजेडात. खिडक्या उघड्या होत्या. समोरच्या घरात कुणीतरी गालिचा झटकत होतं.

मावशी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काका बंदरात पाणबुडे होते. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचं काम. त्यांना नावाने कुणी ओळखायचंच नाही, सगळं बंदर त्यांना ‘मासा’ म्हणायचं. मावशी म्हणायची, “माशाशी लग्न केलंय बाई, घरात एक टॉवेल सुका मिळेल तर शपथ.”

काकांना एकच वेड होतं. पाण्याखाली घालायचे जुने मास्क. काळ्या रबराचे, लंबगोल काचेचे, डोक्यावर शिंगासारखी नळी निघालेले. कुठल्या कुठल्या भंगारातून उचलून आणायचे. फुटलेली काच मावशी दुकानातून कापून आणून बसवायची. रबराला भेगा पडू नयेत म्हणून अंगाला लावायची पावडर चोळायची. “मला कधी आणली नाहीत पावडर, रबराला बरी आणता,” असं म्हणत चोळायची. खालच्या खोलीची एक अख्खी भिंत त्या मास्कनीच भरली होती, अगदी फरशीपासून छतापर्यंत.

आता त्या नळीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नळीचं वरचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं असतं. त्या तोंडाला एक छोटा पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक हलका चेंडू. कोरड्यात चेंडू पिंजऱ्याच्या तळाशी पडून राहतो. नळी पाण्याखाली गेली की तो तरंगून वर जातो आणि तोंड बंद करतो. म्हणजे पाणी आत शिरत नाही.

पण त्यात एक मेख आहे.

चेंडू वर गेल्यावर घाबरून श्वास ओढला, तर तो आणखी घट्ट बसतो. जितकी ओढ, तितकं झाकण पक्कं. वर आलं तरी कधीकधी सुटत नाही.

काका एकदा तरुणपणी असेच अडकले होते, एका जहाजाच्या तळाखाली. कसे वाचले ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. एकदाच मावशीला हसत म्हणाले होते, “वर आलो खरा. पण ते पाणी अजून माझ्या डोक्यावरून उतरलेलं नाही.”

लग्नानंतर त्यांनी मावशीला समुद्रात नेलं. मास्क घातला. ती नाकातोंडात पाणी जाऊन नुसती हात मारत होती. तेव्हा त्यांनी शिकवलं. “चेंडू वर गेला की ओढायचं नाही. मी असा पंजा दाखवला की श्वास धरून थांबायचं. टिचकी मारली की चेंडू सुटतो. मी सोडवतो तुला. घाबरायचं नाही.”

पुढे घरातही तो पंजा चालायचा. मावशी भांडायला लागली की काका मुकाट्याने पंजा दाखवायचे. तिला हसू यायचं आणि भांडण तिथेच मोडायचं.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. डावा हात आणि डोळे, एवढेच काय ते उरले. मावशीने नोकरी सोडली. त्यांची खाट त्या भिंतीसमोर लावली, आवडीच्या वस्तू डोळ्यांसमोर राहाव्यात म्हणून.

त्या रविवारी ती फरशीवर बसून खालच्या रांगेतल्या मास्कना पावडर लावत होती.

…टक.

नखाने कपावर मारल्यासारखा आवाज.

तिने पाहिलं. सगळ्यात खालच्या मास्कचा चेंडू वर गेला होता. नळीच्या तोंडाला चिकटून बसला होता.

तिने टिचकी मारली. चेंडू खाली पडला.

आणि… हळूच वर आला.

उडाला नाही. तरंगला.

मावशी घाबरट नाही. तिने पंखा बंद केला. पिंजऱ्यात कोळ्याचं जाळं आहे का पाहिलं. मग मास्क खिळ्यावरून काढला आणि हातात धरून उभी राहिली. चेंडू खाली पडला. मास्क खाली नेला. एका ठरावीक उंचीवर चेंडू परत वर.

तिने खडू घेतला आणि जिथे चेंडू उठतो तिथे भिंतीवर खूण केली. दुसऱ्या भिंतीशी गेली, तिसऱ्या भिंतीशी गेली. काचा मापात बसवण्यात जन्म गेलेला, नजर चुकायची नाही. चारही भिंतींवर रेघ एका पातळीत निघाली.

खोलीत घोट्याच्या वर पाणी होतं.

तिचे पाय कोरडे होते. फरशी कोरडी होती.

तिने वळून पाहिलं. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते खाली, फरशीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी रेघ वर सरकली. तिसऱ्या दिवशी आणखी वर. रोज एकेक मास्क… टक. टक.

तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिलाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. माझी आई म्हणाली, “ताई, दमलीस गं तू.” मग मी गेले. तिची समजूत काढायला गेले होते, खरं सांगते.

मी स्वतः टिचकी मारून पाहिली. खाली पडला. वर आला.

पण करायचं काय? पोलिसांना बोलवायचं? चोर असता तर हाकलला असता, आग असती तर विझवली असती. मावशी म्हणाली, “पाणी असतं तर उपसलं असतं गं. इथे उपसू काय?”

आम्ही दोघींनी काकांच्या खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. एवढंच सुचलं. काकांनी डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. पाणबुड्यांच्या खुणेत त्याचा अर्थ ‘सगळं ठीक’. मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, “कसलं डोंबलाचं ठीक.”

विटा पुरल्या नाहीत. रेघ गादीला टेकली, तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून काकांना खुर्चीत बसवून वरच्या खोलीत नेलं. शेजाऱ्यांना सांगितलं, खाली ओल आहे. ते भिंतीवर हात फिरवून म्हणाले, “कुठे आहे ओल?”

मावशीने एक मास्क वर आणला. उशीजवळ, खाटेच्या दांडीला अडकवला.

मी चिडले. “ती पीडा कशाला वर आणलीस?”

“अगं, नळी पाणी आणत नाही,” ती म्हणाली. “नळी नुसतं सांगते.”

वर काही दिवस शांततेत गेले. चेंडू तळाशी पडलेला. काका चमच्याने पेज प्यायला लागले. मावशीने मला फोनवर हसून दाखवलं. पण जिन्यात ती रोज दुसरा मास्क धरून उतरायची आणि बघायची, पाणी कितव्या पायरीवर आलंय, आणि खालच्या भिंतीवर तेवढ्या उंचीला रेघ ओढायची.

मग तिने बघणं सोडलं. मी कारण विचारलं नाही.

पुढचं तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

संध्याकाळ होती. ती काकांचा चेहरा पुसत होती. उशीजवळ…

टक.

काकांनी आवाज ऐकला. त्यांनी तोंड मिटलं. छाती थांबली.

ते श्वास धरून पडले होते. आयुष्यभराची सवय. चेंडू वर गेला की ओढायचं नाही.

“अहो, श्वास घ्या! पाणी नाहीये हो! हे बघा, मी बोलतेय ना, मी श्वास घेतेय ना!”

काकांनी डावा हात उचलला. तिच्या तोंडासमोर पंजा धरला.

थांब. श्वास धर.

आणि मावशीने धरला. का, ते तिलाही सांगता येत नाही. श्वास धरूनच तिने त्या चेंडूला टिचकी मारली. खाली पडला, वर आला. पुन्हा मारली. पुन्हा वर. ती वेड्यासारखी टिचक्या मारत राहिली. नख फुटलं, बोट रक्ताळलं. काकांचे डोळे तिच्यावर होते, आणि त्यांत भीती नव्हती. ती सोडवेल याची त्यांना खात्री होती.

शेवटी मावशीला राहवलं नाही. तिने तोंड उघडलं. हवा आली. साधी, कोरडी हवा.

मग काकांनीही तोंड उघडलं.

त्यांना हवा मिळाली नाही.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांत पाणी झालं होतं. अशा पेशंटना होतं.

सगळं आवरल्यावर आम्ही खाली गेलो, तर भिंतीवरचे सगळे चेंडू तळाशी पडलेले होते. फक्त खडूच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या, एकावर एक, पार छतापर्यंत.

घर विकलं. मास्क कुणीतरी संग्रहाला घेऊन गेलं. मावशी आता आमच्याकडे असते. येताना तिने एकच मास्क आणला, आणि कुणाला न विचारता हॉलमधल्या कपाटाच्या पायाला बांधून ठेवला. अगदी फरशीलगत.

माझी मुलगी नुकती रांगायला लागली आहे. मावशी तिला दिवसभर कडेवर घेऊन फिरते. मी म्हणायचे, “मावशी, अगं रांगू दे की तिला. सवय लावशील उचलून घ्यायची.”

ती म्हणायची, “लागू दे सवय.”

परवा दुपारी मावशीचा डोळा लागला होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मुलगी फरशीवर पालथी पडून चमच्याशी खेळत होती.

…टक.

मी आधी तिला उचललं. मग वाकून टिचकी मारली.

चेंडू खाली पडला.

हळूच वर आला.

नवरा म्हणतो, “फेकून दे ना ती अडगळ.” फेकणं काही अवघड नाही. खाली कचऱ्याची पेटी आहे. पण मग मला कळणार कसं?

मावशीला मी काही सांगितलं नाही. पण काल बघितलं, तर ती पलंगावर बसून बोटाचं नख निरखत होती. ते पुन्हा नीट आलंच नाही.

हे लिहितेय तेव्हा मुलगी माझ्या खांद्यावर आहे. खाली उतरायचं म्हणून पाय झाडतेय, रडतेय. माझे हात भरून आलेत.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्या वर फक्त गच्ची आहे.