ओनोदेरांच्या घरचं मीठ

चिझुरु घसरली ती नेमकी ओनोदेरांच्या धुरीघरासमोर! बर्फावरून पाय सटकला, पिशवी एकीकडे उडाली, सूपमधलं मीठ मोजायचं यंत्र दुसरीकडे, आणि गावची नवी आरोग्यसेविका मधोमध बसकण मारून.

“लागलं नाही ना?” कुणीतरी हात पुढे केला. त्या हाताला चेरीच्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. “अरेरे, यंत्र शाबूत आहे... म्हणजे आमची सुटका नाही!”

हा हाजिमे ओनोदेरा. एकोणतीस वर्षांचा, पांढऱ्या मुळ्यांना धुरी देऊन त्यांचं लोणचं घालणारा. चिझुरुनं त्याच्या हातातला हात सोडवायला जरा उशीरच केला.

घरात त्याच्या आईनं लगबगीनं मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट वाटणाच्या, सूपची वाटी पुढे केली. यंत्रावर आकडा आला तो इतका कमी, की खारट खाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अकिताच्या डोंगरात असं सूप कुणी आजाऱ्यालाही देणार नाही. चिझुरुनं एक घोट घेतला.

“काकू, यात मिसो किती आणि किटलीतलं पाणी किती?”

काकू कानापर्यंत लाल झाल्या. हाजिमेला हसू आवरेना. “पलीकडच्या घरून फोन आला होता, मिठाची बाई निघाली म्हणून. एव्हाना सगळ्या गल्लीनं पाणी ओतलं असेल!”

“हसताय काय? दंड पुढे करा.”

रक्तदाब निघाला एकशे बासष्ट.

“तुम्ही इतक्या जवळ बसल्यावर दुसरं काय होणार...”

“वा! आता माझ्यावर ढकला. मी नसताना मोजा मग. रोज सकाळी, दोन आठवडे. आणि वहीत लिहा.”

त्याचं हसू मावळलं. “कशाला? वडील याच रक्तदाबापायी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, आजोबा पन्नासाव्या. रक्तातच आहे आमच्या. डॉक्टर नवीन काय सांगणार? म्हणून तर तीन स्थळं परत पाठवली मी. एखादीला विधवा करायला कशाला आणायचं?”

चिझुरुला राग आला. आणि का कोण जाणे, भीतीही वाटली.

“रक्तातून कल येतो, निकाल नाही येत! आणि वडिलांकडून नुसतं रक्तच मिळालं का तुम्हाला? तिन्ही वेळचं लोणचंही मिळालंच की. रक्त बदलता येत नाही, ताट बदलता येतं. गोळी घेता येते.”

“लोणचेवाल्यानं लोणचं सोडायचं?”

“विका ना खुशाल. खायची फक्त एक चकती.”

“दोन.”

“एक!”

पुढचे दोन आठवडे त्या रस्त्याला तिचं काहीएक काम नव्हतं. तरी तिची वाट रोज तिथूनच जायची. तो खरंच मोजत असेल का, की मनाचेच आकडे लिहील? या विचारानं तिला चैन पडत नव्हतं.

पंधराव्या दिवशी तो आरोग्य केंद्रात आला आणि वही तिच्यापुढे ठेवली. एकशे अठ्ठावन्न. एकशे चौसष्ट. एकशे पंचावन्न... एकही आकडा धड नव्हता.

“सुधारून लिहिणार होतो,” तो खाली बघत म्हणाला. “पण तुम्हाला फसववेना. तुम्ही मला आवडता, चिझुरुसान... म्हणूनच सांगतो, माझ्यापासून लांब राहा.”

“लांब?” चिझुरुनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर आपटलं. “माझे वडीलही असेच गेले. सव्विसाव्या वर्षापासून मी रोज सकाळी ही गोळी घेते. मी काय मरायला टेकलेली दिसते?”

तो बघतच राहिला. “तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा! आता दोन्हीकडून आलं म्हणजे मुलांना जास्त जपायला हवं. लहानपणापासून मीठ बेतानं, दर वर्षी तपासणी, आणि आजीला बजावून ठेवायचं, लाडानं लोणचं भरवायचं नाही म्हणून...”

ती एकदम थांबली.

“कुणाच्या मुलांना?” हाजिमेनं अगदी हळू विचारलं.

चिझुरुनं वही तोंडासमोर धरली. छातीत नुसती धडधड... आत्ता कुणी तिचा रक्तदाब मोजला असता तर नोकरीच गेली असती. पण वहीआड किती वेळ लपणार?

“आधी डॉक्टर,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. मी येते बरोबर.”

“आणि मग?”

“मग माझ्या आईला भेटायला या. ही वही घेऊन. ती आधी आकडे विचारेल आणि नंतर नाव... आणि तुम्ही दोन्ही खरंच सांगायचं.”

हाजिमे कोट चढवून केव्हाच दाराशी उभा होता.