चढावर रुसणारी लॉरी

पौषातली सकाळ. धुकं इतकं दाट, की बडनेऱ्याच्या रस्त्याची झाडंसुद्धा दिसत नव्हती. पार्बताबाईच्या मळ्यात लॉरीचं हँडल घरघरत होतं, आणि लॉरी काही केल्या सुरू होत नव्हती. मागे वांगी, मेथी, कोथिंबीर भरलेली. अकोल्याच्या बाजाराची वेळ टळली, की कोमेजलेल्या मेथीला कोण विचारतो? जयवंता टोपल्यांवर ओलं पोतं टाकत होती.

लॉरी तिच्या नवऱ्याची, ओमप्रकाशची. महायुद्धाच्या आधी त्यानं हौसेनं घेतलेली. पुढे पटकीच्या साथीत तो गेला, आणि मळ्यात दोघीच उरल्या, सासू पार्बताबाई आणि जयवंता. दिवस कामात जाई. पण दिवेलागणीला मोट थांबली, की इतकं शांत होई… जयवंता मग गोठ्यात जाऊन बैलांशीच बोलत बसे.

"अकोल्याले चालली का गाडी?"

रस्त्यावरून आवाज आला. जुना लष्करी कोट, खांद्याला पिशवी.

"चालली तर हाय," जयवंता म्हणाली, "पन तिच्या मनात नाई!"

तो हसला. गोवर्धन त्याचं नाव. लढाईभर आसामच्या जंगलात लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त केल्या होत्या; आता अकोल्याच्या एका गॅरेजात मिस्त्री होता.

"थंडी लागते तिले," म्हातारा ड्रायव्हर नत्थुजी धापा टाकत म्हणाला. "इंजनावर गरम पानी टाकलं का उठते."

"थंडी तर साऱ्याच लॉऱ्यांले लागते. हीच काहून रुसते? दुपारी रुसते का?"

"नाई," जयवंताच बोलली. "आन् सकाळीबी, रातभर चढावर उभी असली तरच. तोंड उताराले असलं का लगेच उठते."

गोवर्धननं तिच्याकडे पाहिलं… नीट पाहिलं.

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कोन सांगन? रोज पाहून राहिली ना मी."

त्यानं कार्बुरेटरची नळी सोडवली. "नत्थुजी, फिरवा हँडल. बाई, तुमी अठी अंगठा ठेवा. पेट्रोल ढकलते का, पाहा."

ती घुटमळली. मग पदर खोचून तिनं नळीच्या तोंडावर अंगठा धरला. थंडगार पेट्रोल बोटांवरून ओघळलं.

"ढकलते… पन जीव नाई त्यात."

"बराबर. अंगठा उडाला पाहिजे, असा दाब लागते. पंपाची झडप मिटत नाई, म्हनून चढावर रातभर पेट्रोल मांगं टाकीत उतरते. सकाळी इंजनाच्या पोटात काईच नसते, आन् थंडीत तर त्याले जास्तच पाहिजे."

त्यानं पंप उघडला, झडपेतला कचरा पुसला. पेट्रोल ढकलणारा आतला पडदा वाळून कडक झाला होता. "आज चालन. पन पडदा नवा लागन. मी घेऊन येतो."

लॉरी सुरू झाली. लॉरीत चढताना गोवर्धन म्हणाला, "हात धुतल्याबिगर चुलीजवळ जाऊ नका हं."

"चूल सोडून जाऊ कुठं?"

"अकोल्याले…" तो सहज बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पुढच्या आठवड्यात त्यानं पडदा बसवला. मग एकदा 'तपासाले' आला. मग आणखी एकदा. चहा पिता पिता आसामातल्या रात्रींबद्दल सांगे. तिथं त्याच्याशी बोलायला नुसती इंजिनं होती. जयवंता ऐकत राही. पण लॉरी रोज सकाळी एका दमात उठू लागली… आणि त्याची निमित्तं संपली. तो यायचा थांबला. नत्थुजी परतला, की जयवंता बाजारभाव विचारी. बाकी काही विचारायला तिची जीभ रेटत नसे.

एका सकाळी लॉरी पुन्हा रुसली. नत्थुजी रेल्वेनं जाऊन मिस्त्रीला घेऊन आला, तोवर दिवस कलला होता.

गोवर्धन लॉरीखाली शिरला. बाहेर आला तो हसू दाबतच.

"टाकीजवळचा नट ढिला हाय. पंप नुसती हवा ओढून राहिला. हा नट आपोआप ढिला होत नाई, पान्यानं कोनं तरी केला…" त्याचा आवाज हळू झाला. "तुमी?"

जयवंताचा चेहरा उतरला. "मी खोटं करून तुमाले बोलवीन?"

"माफ करा." त्याचं हसू विरलं. "तसं असावं… अशी आस होती मले."

"मी केला," वांग्याच्या वाफ्यातून पार्बताबाई उठली. "ही बैलांशी बोलते, तू इंजनाशी बोलतं. एकमेकांशी कवा बोलसान? आपल्यात विधवेचा पाट लागते ना? पोरीले अशीच सुकू देऊ काय?"

"आन् मी गेल्यावर माय, तू कोनाशी बोलशीन?" जयवंतानं सासूला विचारलं.

म्हातारी खाली पडलेलं वांगं उचलून पुसत राहिली.

जयवंता गोवर्धनकडे वळली. "मले तुमी आवडता. लय आवडता… पन मी अकोल्याले नाई येनार. मायले एकटी टाकून नाई."

मग गोवर्धननं विचारलं, तिला नाही, पार्बताबाईला.

"मी अठी राहू का?"

"मोट हाकता येते?"

"शिकतो."

पार्बताबाईनं होकाराची मान डोलावली आणि ती घरात गेली. थोड्या वेळानं आतून तिचं रडणं ऐकू आलं… ओमप्रकाशचं नाव घेऊन घेऊन. जयवंता आत जाऊन तिला बिलगून बसली. गोवर्धन बाहेर पायरीवरच थांबला. आत जायचा हक्क आहे की नाही, त्याला कळेना.

अंधार पडू लागला. हुंदके हळूहळू ओसरले.

"जयवंता," म्हातारी नाक पुसत म्हणाली, "तो बाहीर काहून बसला? थंडी हाय… आत बोलाव त्याले."