अंदाजफरक शून्य

केतकी सरनोबत मोटोक्रॉसच्या गाडीवर बसली होती आणि गाडी जागची हलत नव्हती. हेल्मेट, छातीचे चिलखत, गुडघ्यांच्या पट्ट्या, पोटरीभर उंच बूट असा सगळा जामानिमा चढवून प्रयोगशाळेच्या हॉलमध्ये पुतळ्यासारखे बसायचे, हा मातीच्या ट्रॅकवरच्या या मोटरसायकल-शर्यतींतला सर्वांत कंटाळवाणा विधी. पण त्याला पर्याय नसतो. स्वाराच्या भाराने गाडीची मागची बाजू किती खाली बसते, ती 'बसक' आधी मोजायची आणि मगच बाकीच्या स्क्रूंना हात लावायचा. साध्या कपड्यांत मोजली तर बुटांचे वजन हिशेबात येत नाही आणि ते ट्रॅकवर अंगाशी येते.

मागच्या चाकाजवळ बापू तोडकर टेप धरून उकिडवे बसले होते. उजळाईवाडीच्या माळावरच्या या प्रयोगशाळेत येण्याआधी त्यांनी कोल्हापुरातल्या दोन पिढ्यांच्या गाड्या जुळवल्या होत्या.

"श्वास रोखू नगंस," ते म्हणाले. "फोटो न्हाई काढत मी."

"मग मोजा की लवकर, बापूकाका. आत उकडून बटाटा झालाय माझा."

गेल्या हंगामात याच माळावरच्या ट्रॅकवर केतकी पडली होती. 'हत्तीउडी' नावाचा मातीचा मोठा उंचवटा आहे. त्यावरून गाडी हवेत झेपावते आणि पलीकडच्या उतारावर उतरते. उतरताना गाडीने मागून लाथ घालावी तसे तिला उडवले. मांडीचे हाड मोडले, यथावकाश जुळले. डॉक्टरांनी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला, आईने नवस फेडला आणि संघाने राष्ट्रीय निवडीच्या शर्यतीपर्यंत तिची जागा राखून ठेवली. त्या शर्यतीत ती पहिल्या तिघांत आली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. जुन्या गाडीचे भंगार झाले होते, म्हणून नवी निवडायची होती.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. हत्तीउडीचे नुसते नाव निघाले तरी तिची उजवी मांडी दगडासारखी व्हायची.

निवडायला दोन गाड्या होत्या. तांबडी साधी होती: स्टीलची स्प्रिंग, धक्के जिरवणारा तेलाचा शॉक आणि हाताने फिरवायचे स्क्रू. पांढरी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. समीना बागवान यांची निर्मिती होती.

"अंदाजवाचक गाडी म्हणतो आम्ही हिला," समीना म्हणाल्या. "काळोखात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात, पण पायाला वाटतं अजून एक आहे. केवढा हिसका बसतो! जमीन तर होती तिथंच असते. तो हिसका उंचीचा नसतो, चुकलेल्या अंदाजाचा असतो."

"आणि उडीतनं उतरताना?" केतकीने विचारले.

"तिथंही तेच. चाक टेकण्याच्या क्षणभर आधी तुझे स्नायू स्वतःला आवळून घेतात. कसे आणि किती आवळतात, यावरून शरीराला कसला मार अपेक्षित आहे ते कळतं. तुझ्या पोशाखातले संवेदक ते वाचून शॉकला कळवतात. शॉकमध्ये चुंबकी तेल आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते घट्ट किंवा पातळ होतं. शरीरानं जो अंदाज बांधला असेल, नेमका तसाच मार गाडी देते. कमीही नाही, जास्तही नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात जे उरतं, तो अंदाजफरक. तो शून्यावर आला की सेटिंग जुळलं."

"म्हंजे स्क्रू फिरवाय मी नको आता," बापू खालूनच म्हणाले.

"बसक मोजायला लागालच की तुम्ही."

"लई उपकार झाले."

संघातले बाकीचे सहाही स्वार वर्षभर पांढऱ्या गाड्या चालवत होते. एकही पडला नव्हता, एकाचीही तक्रार नव्हती. समीनांना याचा अभिमान होता आणि तो अस्थानी नव्हता.

केतकीने दोन्ही गाड्या ट्रॅकवर नेल्या. तांबडीवर अंदाजफरक चाळिसाच्या आसपास घुटमळत राहिला; मनगटे भरून आली, पाठ बोलायला लागली. पांढरीवर तो पाहता पाहता पाचावर आला, मग शून्यावर. प्रत्येक खड्डा ओळखीचा वाटू लागला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला गाडीवर बरे वाटले. तिने पांढरी निवडली.

नव्या गाडीवर पहिल्या दिवशी हत्तीउडी मारायची नाही, चाके जमिनीला ठेवून ती नुसती ओलांडायची, असा या ट्रॅकवरचा जुना रिवाज होता. बापू तो कडकपणे पाळायला लावत. केतकीने तो पुढेही लांबवला. दुसऱ्या दिवशी वारा होता, मग माती ओली होती, मग टायरमधली हवा तिला पटत नव्हती. रिवाज पाळणारी पोर म्हणून बापू खूश होते आणि संगणकाच्या पडद्यावरच्या शून्यावर समीना खूश होत्या. गाडीने केतकीला सगळ्या वळणांवर ओळखले होते. हत्तीउडीवरची केतकी तिने अजून पाहिलीच नव्हती.

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा सबबी संपल्या. केतकीने दात आवळले आणि गाडी उंचवट्यावर घातली. हवेत मांडी दगड झाली. मागचे चाक टेकले, आणि गाडीने लाथ घातली. अगदी तशीच.

या खेपेला ती कडेच्या गवताच्या भाऱ्यांवर पडली. खरचटण्यावर निभावले. बापूंनी गाडी खोलून पाहिली; एक नटसुद्धा ढिला नव्हता. समीनांनी पडद्यावर त्या क्षणाची नोंद काढली आणि ती पुन्हा पुन्हा चालवून पाहिली.

"अंदाजफरक किती होता?" केतकीने विचारले.

"शून्य."

"मग मी पडले कशी?"

"हवेत असताना तुला काय वाटत होतं, केतकी? खरं सांग."

केतकीने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "मागून लाथ बसणार," ती म्हणाली. "रोज वाटतं. झोपेतसुद्धा वाटतं. हाड जुळलं, मॅडम, पण मी नाही जुळले. मला भीती वाटते त्या उडीची."

"गाडीनं तेच वाचलं," समीना सावकाश म्हणाल्या. "तुझ्या शरीराला लाथेची खात्री होती. ऐन क्षणी तेल पातळ झालं, स्प्रिंग मोकळी सुटली. गाडी बिघडलेली नाही. सांगितलेलं काम तिनं चोख केलं."

"तेवढ्या उडीपुरतं बंद ठिवायचं मग," बापू म्हणाले.

"बंद केलं की ती साधीच गाडी, वर जादा वजनाची. आणि चालू ठेवलं तर ती दर वेळी भीती खरी करून दाखवेल. भीती आणखी पक्की होईल."

केतकी तांबडीकडे बघत राहिली. त्या गाडीने तिला दमवले होते, बोचकारले होते आणि केतकीविषयी गाडीला काडीचीही माहिती नव्हती.

"बापूकाका," ती म्हणाली, "टेप आणा."

पुन्हा सगळा जामानिमा चढला. पुन्हा बसक मोजली. बापूंनी एक नंबर कडक स्प्रिंग घातली, शॉकची परत उसळी आवरती घेतली, हँडल बोटभर पुढे सरकवले. समीनांनी तिच्या पोशाखातले संवेदक राहू दिले, फक्त नोंदीसाठी. गाडीपर्यंत त्यातले काही पोचणार नव्हते. केतकीने तांबडी हत्तीउडीवर घातली.

हवेत मांडी दगड झाली. शरीर ओरडून सांगत होते की आता लाथ. मागचे चाक टेकले, मग पुढचे. दणका बसला, दात दातांवर आदळले आणि गाडी सरळ पुढे निघून गेली.

केतकी हेल्मेटच्या आत रडत होती. तिला आनंद झाला होता आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

पडद्यावर आकडा होता शहाण्णव. इतके वाईट सेटिंग प्रयोगशाळेत कधी नोंदले गेले नव्हते. दुसऱ्या उडीला एक्याऐंशी आला, तिसरीला सत्तर.

"गाडीत काय बदललंत तुम्ही?" समीनांनी बापूंना विचारले.

"हात बी लावला न्हाई."

"मग आकडा उतरतोय कशानं?"

"मांडी शिकतीय, मॅडम," केतकी म्हणाली. "ती म्हणते लाथ बसणार, आणि बसत नाही. दर वेळी खोटी पडतीय."

समीना पडद्याकडे वळल्या. मग त्यांनी बाकीच्या सहा स्वारांच्या वर्षभरातल्या वेळा पडद्यावर मागवल्या. सहाही रेषा सरळ, आडव्या. कुणी पडले नव्हते. कुणी सेकंदभरानेही सुधारले नव्हते. त्यांचा एकही अंदाज कधी चुकलाच नव्हता, मग त्यांच्या शरीरांनी शिकायचे कशावरून?

"माझ्याकडे कुणीच तक्रार केली नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

निवडीच्या शर्यतीत ते सहा जण गेल्या वर्षीच्याच वेळांत पोचले. बाहेरगावचा एक पोरगा सगळ्यांच्या पुढे गेला आणि केतकी त्याच्या मागोमाग दुसरी आली. शेवटच्या फेरीत हत्तीउडीवरून उतरताना तिचा अंदाजफरक एकतीस होता. म्हणजे भीती अजून होती. गाडीला ते कळायला काही मार्ग नव्हता.