तिसरी हाक

ताम्हिणीतल्या ढाब्यावर चहाला थांबलेल्या शेखरच्या पिशवीतून पुस्तक पडलं आणि उज्वलानं ते उचललं, एवढीच त्यांची ओळख. तो घाटातला पाऊस मोजायला आलेला, ती वडिलांच्या ढाब्यावर भजी तळणारी.

"भुताच्या गोष्टी?" तिनं नाक मुरडलं. "मी फकस्त प्रेमाच्या वाचते."

"मग अदलाबदल करू. तुमचं पुस्तक मी वाचतो, हे तुम्ही."

दोन महिने अदलाबदल चालली, पुस्तकं नुसती निमित्ताला उरली. मग श्रावणात त्याचं काम संपलं.

"गुरुवारी दुपारच्या एसटीनं जाणार," तो बशीकडे बघत म्हणाला. "निघताना हाक मारीन. ओ दिलीत, तर... आईला घेऊन परत येईन. नाही दिलीत, तर मुकाट्यानं गाडीत बसेन."

गुरुवारी धुकं असं उतरलं, की समोरचा रस्ताही दिसेना. गिऱ्हाईक नव्हतं. वेळ जाईना म्हणून तिनं त्याच्या पुस्तकातली राहिलेली शेवटची गोष्ट काढली. त्यातली बाई ओळखीच्या हाकेला ओ देऊन धुक्यात जाते, ती कायमचीच. उज्वलाच्या अंगावर काटा आला.

"उज्वला..."

दरीकडून. त्याचाच आवाज. ओठांवर आलेली ओ तिनं गिळली. घाटात पहिल्या दोन हाकांना कुणी ओ देत नाही. माणूस असेल तर तिसरी मारतोच.

"उज्वला..." या वेळी जवळून.

तिसरी मात्र आलीच नाही. शहरातल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? ओ नाही म्हणून तो मुकाट्यानं गाडीत बसेल. पुस्तक टाकून ती थांब्याकडे पळत सुटली.

शेखर तिथंच उभा होता, खांद्याला बॅग लावून.

"तुमी दोनदा हाक मारली, ऐकली मी," ती धापा टाकत म्हणाली. "पर आमी तिसरीलाच ओ देतो हितं."

तो गोंधळला. "मी अजून हाक मारलीच नाही. धीर होईना... तासभर इथंच उभा आहे."

दरीतून गार वारा आला. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"मग आता मारा. तीनदा. माझ्या कानापाशी."

त्यानं मारल्या. तिसरीला त्याचा आवाज कापला.

"ओ," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मागं दरीकडून, तिच्याच आवाजात, आणखी कुणीतरी ओ दिली. त्या दोघांनी मागं वळून पाहिलं नाही.