जाळायच्या होडीची चोरी

"ताई, आज पाणी कमरेपर्यंत आलं!" ऑस्कर लांबून ओरडला.

हेल्मी रात्तासने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. तिचा हा मावसभाऊ तीन दिवस पोहायचं म्हणून समुद्रात चालत होता आणि पाणी काही गुडघ्याच्या वर येत नव्हतं. बेटाच्या या किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. ना दुकान, ना बाक, ना पाटी. वाळू, धोंडे, जुनिपरची झुडपं आणि चरणाऱ्या मेंढ्या.

"पण टॉवेल गेला," ऑस्कर निथळत परत आला. "काल त्या मोठ्या धोंड्यावर वाळत घातला होता. आता तिथे नुसतं शेवाळ. टॉवेलसुद्धा चोरतात का इथे?"

"टॉवेल नाही, होडी चोरतात!" मागून आवाज आला.

सायकल धरून एक ऐंशीचा म्हातारा उभा होता. डोक्यावर रविवारची टोपी.

"मी आर्वेद. तुम्ही टॅलिनच्या गुप्तहेर बाई ना? पोस्टातल्या बाईने सांगितलं. रात्री माझी होडी गेली. आज यानची रात्र, गावोगाव उन्हाळ्याचे जाळ पेटतात; आमच्या जाळात ती जाळायची होती."

"जाळायचीच होती?" ऑस्कर हसला. "मग चोराने काडी वाचवली की तुमची."

आर्वेद हसला नाही. "म्हातारी होडी किनाऱ्यावर कुजू द्यायची नसते, बाबा. यानच्या जाळात तिला मानाने निरोप द्यायचा. माझ्या बापाने त्याच्या होडीला असाच दिला. उद्या सकाळच्या बोटीने मी कायमचा मुलीकडे चाललोय, पलीकडे शहरात. तिने खोलीसुद्धा रंगवलीय. होडी अशी वाऱ्यावर सोडून मी पाय कसा उचलू?"

हेल्मीने पुस्तक मिटलं.

जुनिपरच्या फांद्यांची रास पाण्याजवळ नीट रचलेली होती. फक्त तिच्या पोटातली होडी नव्हती.

"ओढायला सहा माणसं लागतात," आर्वेद म्हणाला, "आणि वाळूवर ओरखडा नाही. पाण्यातून न्यावी तर तिच्या तळाच्या भोकातून मेंढी आरपार जाईल."

हेल्मीने राशीत हात खुपसला. वरच्या फांद्या कोरड्या होत्या, खालच्या ओल्या.

"कुणी आणल्या या?"

"सगळ्यांनी. पण सगळ्यांत जास्त कुस्तासने. आठवडाभर पहाटे उठून यायचा मेला. माझी होडी जळायची एवढी घाई! चाळीस वर्षांचा शेजार, पण शिव्यांपलीकडे बोलणं नाही."

"रोज शिव्या?"

"रोज. समुद्रावर, होडीला होडी लावून."

"गावात शोधलंत?"

"सगळं पालथं घातलं. गोठे, चर्चचा माळा. फक्त कुस्तासची पाण्यावरची होडीची खोप राहिली. दाराला खराटा टेकवलेला होता."

"म्हणजे?" ऑस्करने विचारलं.

"म्हणजे आत कुणी नाही, जाऊ नये. इथे कुलपं नसतात."

"आणि कुस्तास कुठे होता?"

"आमच्याबरोबर. शोधत होता."

"अहो, मग त्यालाच म्हणायचं, दार उघड!"

"खराटा होता ना!" आर्वेद म्हणाला. शहरातल्या माणसांना किती वेळा सांगायचं, असा त्याचा चेहरा झाला.

मेंढ्यांची मालकीण लेइदा कुंपणाशीच भेटली.

"त्या जाळाचा मला राग आहे, खोटं कशाला बोलू? मेंढ्या बुजतात. पण होडी घेऊन मी काय करू? आधी माझा चोर शोधा, बाई. हा मेंढा बघा!"

मेंढ्याची एक बाजू कुणीतरी साफ कातरली होती.

"डावीकडून पाटील, उजवीकडून भिकारी," लेइदा म्हणाली. "बिचारा लाजेने कळपात जात नाही."

कुस्तास अंगणात बसला होता. मागे त्याची होडी ताडपत्रीखाली होती. आभाळ मात्र निरभ्र होतं. ताडपत्रीखालून निळा रंग डोकावत होता. त्याने न विचारता कॉफी ओतली. ऑस्करने घोट घेतला आणि डोळे विस्फारले.

"काका, कॉफीला डांबराचा वास येतोय!"

"माझ्याकडे भांडं एकच. नको असेल तर वाळूत ओत."

"आर्वेदची होडी कुणी नेली?" हेल्मीने विचारलं.

"मी. फोडली आणि चुलीत घातली. सांगा त्या म्हाताऱ्याला. आज माझी निळी जाळा."

"तो उद्या जाणार, माहीत आहे ना?"

कुस्तास कपात बघत राहिला. त्याच्या नखांत काळं रुतलं होतं. "जाऊ दे. पीडा टळली."

बाहेर पडताच ऑस्करने हात चोळले. "सुटलं, ताई! स्वतःच्या होडीला मान मिळावा म्हणून केलं त्याने."

"अर्धं सुटलं," हेल्मी म्हणाली.

संध्याकाळी गाव राशीभोवती जमलं. हेल्मी मधोमध उभी राहिली.

"ऑस्करचा टॉवेल चोराने नेला नाही, समुद्राने नेला. रात्री नैर्ऋत्येचा वारा होता. त्याने पाणी किनाऱ्यावर लोटलं, म्हणून धोंड्यावर शेवाळ आणि राशीच्या तळाला ओल. होडी ओढली नाही, तरंगत गेली."

"तिच्या तळाला भोकं होती!" आर्वेद ओरडला.

"होती. आठवडाभर पहाटे फांद्यांच्या आडोशाला बसून कुणीतरी ती बुजवली. फटींत लोकर ठासली, वर डांबर ओतलं. लोकर मेंढ्याची. डांबर कॉफीच्या भांड्यातलं."

सगळे कुस्तासकडे वळले. ऑस्करने पोट धरलं.

"पण जाळायची होडी कुणी दुरुस्त करतं का?" आर्वेदने विचारलं.

"जळू नये असं वाटणारा करतो. आणि गावातली एकच जागा कुणी तपासली नाही." ती कुस्तासकडे वळली. "खराटा मी उचलणार नाही. तुम्हीच सांगा, जाऊ का आत?"

कुस्तास खोपीकडे चालू लागला. मागोमाग गाव. त्याने खराटा बाजूला केला.

आत आर्वेदची काळी होडी पाण्यावर डुलत होती. तिच्या कुशीला तीन निळ्या फळ्या होत्या.

"म्हणून ताडपत्री," हेल्मी हळूच म्हणाली. "स्वतःची होडी फोडून वैऱ्याची सांधली."

"सांधली!" कुस्तास एकदम भडकला. "मग काय करू? हा चालला खोलीत बसायला. उद्यापासून मी शिव्या कुणाला देऊ? माशांना?"

आर्वेदने वाकून फळीवरून बोट फिरवलं.

"निळ्या? माझ्या होडीला निळ्या?"

"फुकटात मिळाल्या तर रंग निवडतोस?"

"आणि ही लोकर! माणसाने भरली की मेंढ्याने?"

"माझ्या मेंढ्याचं नाव काढायचं नाही!" लेइदा गरजली.

"हे सगळं उपसून पुन्हा करावं लागेल," आर्वेद म्हणाला. "अख्खा उन्हाळा जाईल." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "पोस्टातल्या बाईला सांगा, पोरीला फोन कर म्हणावं. खोलीचा रंग अजून नीट वाळू दे."

त्या रात्री निळी होडी जळाली. काडी आर्वेदने ओढली, आणि जाळ वाकडा लागला म्हणून कुस्तासने त्याला शिव्या दिल्या.

सकाळी बोटीचा भोंगा झाला तेव्हा हेल्मी आणि ऑस्कर आर्वेदच्या घरावरून चालले होते. दाराला खराटा टेकवलेला होता.

ऑस्कर थबकला. "गेलाच का गं शेवटी म्हातारा?"

"खराट्याचा अर्थ काय सांगितला होता?"

"आत कुणी नाही."

"एवढाच," हेल्मी म्हणाली आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

लांबवर एकच होडी होती, काळी, मधे निळी. वल्ही कुणाच्या हातात असावीत यावरून तिच्यात कडाक्याचं भांडण चाललं होतं.